‘वाहतुकीची साधने’ : शाळेत का घरी? पैसे भरायच्या आधी वाचा

दरवर्षी छोट्या गटाच्या पालकांना तो मेसेज येतोच, ‘या आठवड्याचा विषय वाहतुकीची साधने, पाल्यासोबत मॉडेल बनवून पाठवा’, आणि मग नवी पेठेतली दुकानं बंद व्हायच्या आत बापलोक चकचकीत कागद शोधत पळतात. मी सहा वर्षं जुळे सोलापुरात एका बालवाडीत शिकवलंय आणि आता माझंच कार्टं चार वर्षांचं आहे, त्यामुळे हा मेसेज मी पाठवलाय पण आणि मला आलाय पण. मध्यंतरी मावसबहिणीचा फोन आला, ताई, सुट्टीत शाळेचं वाहनांचं शिबिर आहे, पैसे भरू का घरीच काहीतरी करू? तिला अर्धा तास जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी मॉडेलचं उरकते. मॉडेल आईबापच करतात. मागच्या वर्षी आमच्या घरी रेल्वे इंजिन झालं, माझ्या नवऱ्याने रात्री बारापर्यंत बसून केलं, पोराला हात लावू दिला नाही कारण गोंद ओला होता, आणि शाळेतही ते वरच्या फळीवर ठेवलं, ‘हात लावू नका’. म्हणजे ज्याच्यासाठी केलं त्याने ते दोन्हीकडे फक्त लांबून बघितलं. ते सोडून बाकीच्याची तुलना करू.

शाळेकडे एक गोष्ट अशी आहे की ती घरी कितीही खर्च केला तरी येत नाही, ती म्हणजे पोरांची गर्दी. फ्रीजच्या दुकानातून फुकट आणलेले दोन मोठे खोके, त्याला खिडक्या कापल्या, लाल रंग मारला की एसटी तयार. एक कंडक्टर, एक ड्रायव्हर, बाकी पॅसेंजर. जुन्या कॅलेंडरच्या तारखा कापून तिकिटं. घंटीचा नियम लावायचा, एक टण् म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, आणि बघा तीन वर्षांची पोरं कान टवकारून कशी ऐकतात, आपण ‘लक्ष द्या रे’ म्हणून घसा कोरडा केला तरी जे होत नाही ते दोन घंट्यांत होतं. हाच खेळ घरी केला तर पोरगं कंडक्टर आणि पॅसेंजर एकटी आजी, आणि आजी दुसऱ्याच स्टॉपला उतरते कारण कुकरच्या शिट्ट्या झाल्या. रांग लावणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, जागेवरून भांडण आणि मग थोडं सरकून घेणं, हे शाळेतच होतं.

भाषेचं पण आहे. आपल्या सोलापुरात एका वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळी घरं असतात. माझ्या वर्गात एक तेलुगू पोरगी खिडकीतून बघून ओरडायची, ‘बंडी आली, बंडी आली!’ आणि मी नवीन होते, मला वाटलं कुणाचा बाप बंडी घालून आलाय की काय. बंडी म्हणजे त्यांच्याकडे गाडी. आठवडाभरात सगळी पोरं गाडीला बंडी म्हणायला लागली. घरी हे कुठून येणार?

पण शाळेचा कच्चा भाग पण सांगते, मी स्वतः केलेला आहे म्हणून सांगते. तक्त्यावर पाणबुडी असते, हॉट एअर बलून असतो. पोरं ‘पाण्यावर चालणारी, जमिनीवर चालणारी, हवेत उडणारी’ धडाधड म्हणून दाखवतात, पण हिवाळ्यात रस्त्याने जाणारा उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, तो तक्त्यात नाही. छोटा हत्ती म्हणतो तो छोटा टेम्पो नाही. वडाप, म्हणजे सीटवर पैसे घेणारी खासगी जीप, नाही. या सगळ्यांची चाकं मोजायला सांगितली असती तर दोन, तीन, चार आणि मग ट्रॅक्टरला एवढी का, पुढची छोटी आणि मागची मोठी का, एवढ्यावर तास गेला असता. ही मोजणी घरी गॅलरीत उभं राहून दहा मिनिटांत होते, रिक्षा गेली की एका वाटीत शेंगदाणा, मोटरसायकल गेली की दुसऱ्या वाटीत, शेवटी कुठली वाटी भरली ते बघायचं आणि शेंगदाणे खाऊन टाकायचे.

आता घराची बाजू. घराकडे खरी गाडी आहे, आणि माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो. बालवाडीत पहिल्या वर्षी मी पोरांना आधी खोक्याची बस करून दिली. पोरं दोन-दोन करून बाकावर बसल्यासारखी बसली, दोन मिनिटांनी म्हणाली, टीचर झालं? पुढच्या वर्षी आधी खऱ्या एसटीतून फिरवून आणलं आणि मग तेच खोकं दिलं. काय सांगू! एकाने बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, एकजण वरचा दांडा धरल्यासारखा हात वर करून हलत होता, एकीने उलटी झाल्याची अ‍ॅक्टिंग केली आणि शेजारचीने तिला पिशवी दिली. खोकं तेच, रंग तोच. तेव्हापासून माझं ठरलंय, आधी प्रवास आणि मग पुठ्ठा, उलटं केलं की पुठ्ठा पुठ्ठाच राहतो.

आणि हा प्रवास शाळेला जड जातो, तीस पोरं, परवानगीचे कागद, कोण हात सोडून पळालं तर जबाबदारी. तुम्हाला एकच पोर सांभाळायचंय. एसटी स्टँडवरून अक्कलकोट किंवा तुळजापूर, पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही, आणि मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धंच तिकीट आहे, म्हणजे आई आणि पोर दोघं अर्ध्या तिकिटात. तेवढाही वेळ नसेल तर स्टेशन, प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपये, दोन तास चालतं. एक्सप्रेससाठी थांबायची गरज नाही, मालगाडी बघा, डबे मोजता मोजता पोरगं वीसच्या पुढे अडखळतं आणि तिथून पुढचे आकडे आपणहून विचारतं. हात मात्र घट्ट धरा आणि पिवळ्या पट्टीच्या आत उभं राहा. विमान बघायचं तर होटगी रोडचं विमानतळ आहेच, जून २०२५ पासून गोव्याचं विमान सुरू झालं, आमचा तर त्या बाजूला गेला की मान वरच करून चालतो.

घरचे अजून दोन प्रयोग, मला लै आवडतात म्हणून सविस्तर. एक उताराचा. इस्त्रीची फळी किंवा कुठलीही फळी, एका टोकाखाली दोन वह्या, वरून खेळण्यातली गाडी सोडायची. आधी फरशीवर, मग खाली टॉवेल पसरून, मग चादर पसरून, सोलापुरात हे तिन्ही नसलेलं घर दाखवा. सोडायच्या आधी विचारायचं, कुठं थांबेल? तिथे खडूने खूण कर. फरशीवर गाडी फ्रीजखाली जाते, चादरीवर मध्येच थांबते. मग पोरगं स्वतःच वह्या वाढवायला लागतं. घर्षण वगैरे शब्द तोंडातून काढू नका, ते नंतर शाळा बघेल.

दुसरा रुळांचा. आमच्या सासऱ्यांनी बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी बघितलेली, कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ मध्ये सुरू झालेली. त्या रुळांमधलं अंतर अडीच फूट, आताच्या ब्रॉडगेजचं साडेपाच फूट. ते आजोबांनी फरशीवर खडूने आखलं आणि नातवाला आडवं झोपवलं. अडीच फुटात पाय बाहेर येतात, साडेपाचात पूर्ण मावून वर जागा उरते. तो हसून हसून लोळला. (हे फक्त आपल्या फरशीवर, खऱ्या रुळाजवळ जायचंच नाही, हे तिथल्या तिथे दोनदा सांगितलं.) असे आजोबा शाळा कुठून आणणार.

घराचा तोटा उघड आहे, आपण करत नाही. रविवारी करू म्हणतो आणि रविवारी मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ लावून देतो. शाळेत निदान वेळापत्रकात असतं म्हणून होतं. दुसरं म्हणजे घरी आपण लगेच लेक्चर देतो. दहा मिनिटं गप्प बसायला टीचरला जमतं, आईला जमत नाही, मला तर अजिबात नाही.

खेळण्यांबाबत एकच, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो बघून घ्या. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत घेतलेल्या खेळण्यातल्या गाडीची चाकं घरी पोचायच्या आत निघतात आणि तीनच्या आतलं पोर असेल तर ते चाक थेट तोंडात जातं.

रस्ता ओलांडणं हे मात्र कुणा एकावर सोडू नका. शाळेच्या पटांगणात आखलेल्या झेब्रावर पोरं झकास थांबतात, लाल म्हणजे थांबा गाणं म्हणतात, पण येणारी गाडी किती जोरात येतेय हे या वयात कळत नाही, त्यामुळे सात रस्त्यासारख्या गर्दीच्या चौकात ते गाणं काही कामाचं नाही, तिथे तुमचा हातच पाहिजे. आणि स्कूटरवर पुढे उभं करून नेणारे आपण, चार वर्षांखालच्याला हेल्मेट आणि बांधायचा पट्टा हा नियम आहे आणि वेग ४०च्या वर नाही, हे पोराला शिकवायचं नसतं, आपण करायचं असतं.

मग शिबिराला पैसे भरायचे का? मी बहिणीला म्हटलं, शाळेत जाऊन विचार, पोरांना खऱ्या गाडीत बसवणार का, वस्तू पोरंच करणार का मोठे करून देणार, आणि एका टीचरमागे किती पोरं. पहिल्या दोनाला गोलगोल उत्तर आलं तर राहू दे. घरात चुलतभावंडं मिळून चार-पाच पोरं असतील तर तशीही शाळेची गरज नाही, गर्दी घरातच आहे. एकुलतं एक असेल आणि दोघं नोकरीला असाल तर भरा, पण आदल्या रविवारी एसटीत बसवून मगच पाठवा. लाजाळू पोराला तर आधी घरी कंडक्टर होऊ द्या, मग वर्गात तो पुढे येतो.

तिने विचारलं, उत्तर गोलगोलच आलं. पैसे भरले नाहीत, रविवारी तिघं अक्कलकोटला एसटीने जाऊन आले. आता पोरगी मागून दोनदा टण् टण् म्हटल्याशिवाय बापाला स्कूटर काढू देत नाही, आणि परवा आसरा चौकात हिने एकदाच टण् केलं तर तो खरंच थांबला, मागच्या रिक्षावाल्याने जे काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.