ओकलंडचं सीझफायर की शिकागोचं? राज्याची ग्रँट मागण्याआधी

आमच्या मंडळातली एक मैत्रीण कॅलिफोर्नियातल्या एका मध्यम आकाराच्या शहरात राहते. पेशाने अकाउंटंट. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब वर्षानुवर्षं तिच्याकडे आहे, आणि यंदा ती शहराच्या सार्वजनिक सुरक्षा समितीवर गेली. परवा तिचा फोन आला. "अरे, गोळीबार कमी करायला राज्याची ग्रँट मिळते, त्यासाठी शहराने कुठला कार्यक्रम पुढे करायचा याची शिफारस आम्हाला करायची आहे. दोन संस्था आल्या आहेत. दोघीही म्हणतात आमचं मॉडेल सीझफायर. दोघींच्या कागदावर गोळीबार तीस-चाळीस टक्क्यांनी घटलाय. मग मी निवडायचं कशावरून?"

अशा अर्जांची छाननी मी स्वयंसेवक म्हणून दोन हंगाम केली आहे. तिला फोनवर जे तुटकपणे सांगितलं ते इथे नीट लिहून काढतो, कारण अमेरिकेत ठिकठिकाणी आपली मंडळी अशा समित्यांवर बसू लागली आहेत.

एक नाव, दोन मॉडेलं

नावाचा घोळ जुना आहे. बॉस्टनमध्ये १९९६ साली पोलीस, प्रोबेशन खातं (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवलेल्यांवर नजर ठेवणारं), चर्चचे पाद्री आणि हार्वर्डचे काही संशोधक यांनी मिळून ऑपरेशन सीझफायर उभं केलं. चार वर्षांनी शिकागोत गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञाने वेस्ट गारफिल्ड पार्क भागात अगदी वेगळं काम सुरू केलं आणि त्यालाही सीझफायर म्हटलं. शिकागोवाल्यांनी पुढे नाव बदलून क्युअर व्हायलन्स केलं, पण जुनी पाटी अजून काही अर्जांवर चिकटून आहे. म्हणून कुठल्याही संस्थेला पहिला प्रश्न हा विचारायचा: तुमच्या कामात पोलीस आहेत की नाहीत? उत्तर गुळमुळीत आलं तर त्यांनी कुठलंच मॉडेल धड घेतलेलं नाही असं समजा.

दोघांचं निदान मात्र एकच आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडसारख्या चार लाखांवर वस्तीच्या शहरातही बहुतेक खुनांशी संबंध असलेली माणसं लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहून कमी निघतात. आज मारणारा उद्या मरणारा असतो, ही यादी बरीचशी एकच असते. अख्ख्या शाळेला व्याख्यान देऊन यातलं काही साधत नाही. त्या शे-दोनशे जणांपर्यंत पोचायला लागतं, आणि पोचल्यावर काय करायचं तिथे दोन वाटा फुटतात.

पोलीस बरोबर असतील तर

ओकलंडने २०१२ पासून बॉस्टनची वाट धरली. दर आठवड्याला गोळीबाराच्या घटना एकेक करून तपासायच्या, कोणाचं कोणाशी बिनसलंय ते बघायचं. मग त्या गटांतल्या, बहुधा प्रोबेशन किंवा पॅरोलवर असलेल्या तरुणांना 'कॉल-इन'ला बोलवायचं. तिथे मुलगा गमावलेली आई बोलते, पाद्री बोलतो, गोळी लागून वाचलेला कोणी बोलतो. शेवटी पोलीस स्पष्ट सांगतात की पुढची गोळी तुमच्या गटाकडून सुटली तर आमचं सगळं लक्ष तुमच्याकडे असेल. आणि तिथेच केस मॅनेजर, म्हणजे मदत मिळवून देणारा कार्यकर्ता, आपला नंबर हातात देतो: काम हवंय, घर बदलायचंय, लायसन्स सोडवायचंय, फोन कर. एका हातात छडी, दुसऱ्या हातात भाकरी. भाकरी नसली तर उरते ती नुसती पोलिसी धमकी, आणि ती ऐकायची त्या पोरांना लहानपणापासून सवय असते.

आकडे दमदार आहेत. बॉस्टनमध्ये तरुणांचे खून महिन्याच्या सरासरीत ६३ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष २००१ च्या अभ्यासाने काढला. ओकलंडमध्ये २०१९ च्या मूल्यमापनाने बंदुकीने होणाऱ्या खुनांत ३१ टक्के घट या कामाच्या खात्यावर जमा केली. एकेकाळी सव्वाशेवर गेलेला वर्षाचा आकडा सत्तरच्या आसपास आला होता.

पुढचं मात्र अर्जात कोणी लिहीत नाही. बॉस्टनचं काम २०००च्या सुमारास ढिलं पडलं आणि खून पुन्हा वाढले. ओकलंडमध्येही तसंच झालं. कॉल-इन विरळ होत गेले, महामारीत जवळजवळ थांबले, माणसं दुसऱ्या कामांना जुंपली गेली, आणि २०२१ ते २०२३ मध्ये खून परत १२०च्या घरात गेले. २०२४च्या सुरुवातीला आलेल्या तपासणी अहवालाने सरळ म्हटलं की शहर आपल्याच पद्धतीपासून दूर गेलं होतं. विशेष म्हणजे पैसा तेव्हाही येत होता. २०१४ साली मतदारांनी मंजूर केलेल्या 'मेझर झेड'मधून, म्हणजे मालमत्तेवरचा ठरावीक कर आणि पार्किंगवरचा अधिभार यांतून, दरवर्षी कोट्यवधी डॉलर जमा होत होते. पैसा टिकला तरी नेतृत्वाचं लक्ष टिकलं नाही.

तेव्हा हे मॉडेल निवडायचं तर पोलीसप्रमुख आणि महापौर दोघेही आठवड्याच्या बैठकीत स्वतः बसणार का, हे विचारा. आणि त्या भागातल्या लोकांचा पोलिसांवर काडीचा विश्वास नसेल, चार महिन्यांपूर्वीच पोलिसांच्या गोळीने कोणी गेलेलं असेल, तर कॉल-इनच्या खुर्च्या रिकाम्या राहतील.

पोलीस नकोत म्हणाल तर

स्लटकिन हे क्षयरोग, कॉलरा, एड्स यांच्या साथींवर काम केलेले डॉक्टर. गोळीबारही साथीसारखाच पसरतो, एकातून दुसरा, असा त्यांचा सिद्धांत. साथीत गावातलाच, लोकांनी ओळखलेला माणूस घरोघर पाठवतात, तसे इथे 'इंटरप्टर' असतात: त्याच नाक्यावर वाढलेले, बऱ्याचदा तुरुंगवास भोगून आलेले, शब्दाला वजन असलेले. कोणीतरी इन्स्टाग्रामवर कोणाच्या मेलेल्या भावाची टिंगल केली, आज रात्री हिशेब चुकता होणार, अशी कुणकुण लागली की हे दोन्हीकडे जाऊन बसतात. पोलिसांना माहिती देत नाहीत. दिली तर दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याशी कोणी बोलणार नाही, कदाचित ते जिवंतही राहणार नाहीत. बाल्टिमोरच्या 'सेफ स्ट्रीट्स' या याच मॉडेलच्या कार्यक्रमात जानेवारी २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात तीन कार्यकर्ते मारले गेले. अर्जातला पगार आणि विम्याचा रकाना वाचताना हे डोक्यात ठेवा.

पुरावा इथे संमिश्र आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कच्या ईस्ट न्यूयॉर्क भागात बंदुकीच्या जखमा निम्म्याने घटल्या, तुलनेसाठी घेतलेल्या भागात फक्त ५ टक्क्यांनी. उलट पिट्सबर्गमध्ये त्याच धर्तीच्या कार्यक्रमाने खून कमी झाले नाहीतच, काही प्रकारचे हल्ले वाढल्याचं दिसलं. बाल्टिमोरमध्ये एका केंद्राचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. माझं मत विचाराल तर कारण साधं आहे: हे मॉडेल म्हणजे पाच-सहा माणसंच. ती बरोबर निवडली गेली तर जादू, नाही तर जॅकेट घालून फिरणारे पगारी लोक. त्यामुळे संस्थेच्या नावापेक्षा ती माणसं कुठून घेणार, कोण घेणार आणि चुकीचा माणूस निघाला तर काढणार कोण, हे पाहा.

मॅसॅच्युसेट्सने एक मधली वाट काढली आहे. तिथे राज्य २०११ पासून 'सेफ अँड सक्सेसफुल युथ इनिशिएटिव्ह'मधून शहरांना पैसे देतं. सर्वाधिक धोक्यातल्या तरुणांची यादी करायला पोलिसांची मदत होते, पण दार ठोठावायला आउटरीच वर्कर, म्हणजे वस्तीत फिरून काम करणारा संस्थेचा माणूस जातो. कॅलिफोर्नियातल्या मध्यम शहराला मला हे सर्वांत झेपण्यासारखं वाटतं.

बाकीचे दावेदार, थोडक्यात

समितीत कोणीतरी हमखास म्हणतं, एवढ्या पैशात पोलीस भरा. त्यालाही आधार आहे. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात दर १० ते १७ जादा पोलिसांमागे वर्षाला एक खून टळतो असं निघालं. त्याच अभ्यासात हेही निघालं की जादा पोलीस किरकोळ गुन्ह्यांच्या अटकाही वाढवतात, आणि त्यांचा भार काळ्या नागरिकांवर जास्त पडतो. पण सतरा पोलिसांचे पगार, भत्ते, पेन्शन तीन वर्षांच्या ग्रँटमध्ये बसत नाहीत, त्यामुळे हा वाद या टेबलावरचा नाहीच.

शिकागोचा 'रेडी' कार्यक्रम दीड वर्षाची नोकरी आणि विचार करण्याची सवय बदलणारी समुपदेशनाची पद्धत एकत्र देतो. चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेल्या कसोटीत त्याचा ठरवलेला मुख्य निकष पुरा झाला नाही, मात्र गोळीबार आणि खुनाच्या अटका ६५ टक्क्यांनी कमी दिसल्या. खर्च माणशी सुमारे ५२,००० डॉलर. छोट्या शहराची छाती दडपते. तरी एका गोळीमागे शस्त्रक्रिया, तपास, खटला, तुरुंग असा खर्च मांडला तर तो वेडेपणाचा नाही.

शाळकरी वयासाठी 'बिकमिंग अ मॅन' हा मुलांच्या गट-समुपदेशनाचा कार्यक्रम आहे. त्यातला एक खेळ मला फार आवडतो. एका मुलाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याला तीस सेकंदांत तो मिळवायचा असतो. झटापट, ओढाओढ, बोटं पिरगळणं. "मागितला का नाहीस?" असं विचारलं की पोरं गप्प होतात. पहिल्या कसोट्यांत कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. पसारा वाढवल्यावर परिणाम पातळ झाला. आणि स्वस्तातलं म्हणाल तर फिलाडेल्फियात ५४१ पडीक जागांवरचा कचरा काढून, हिरवळ लावून, कमरेएवढं लाकडी कुंपण घातलं, तेव्हा गरीब वस्त्यांत बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी कमी झाली. याला ना इंटरप्टर लागतो ना कॉल-इन. हे मुख्य कामाशेजारी करा, मुख्य कामाऐवजी नको.

आता मुद्दा पैशाचा

मैत्रिणीला मी खरं सांगितलं ते हे: मॉडेलांची तुलना अर्धीच आहे, उरलेली अर्धी पैशाच्या वयाची आहे. आठ वर्षांच्या कामाला तीन वर्षांचा पैसा लावला तर मधेच सुटलेल्या पोरांचा विश्वास पुन्हा मिळत नाही.

शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २०१५ मध्ये राज्याने सीझफायरचा पैसा थांबवला, पाठोपाठ दोन वर्षं राज्याचं बजेटच अडकलं. २०१५ मध्ये शिकागोत पाचशेच्या आत असलेले खून २०१६ मध्ये साडेसातशेच्या वर गेले. सगळं खापर बंद पडलेल्या ग्रँटवर फोडता येत नाही. त्याच सुमारास पोलिसांची रस्त्यावरची झडतीही एकदम घटली होती. पण नाक्यावरची माणसं घरी बसली होती हे खरंच.

महामारीनंतरच्या केंद्राच्या निधीतून अनेक शहरांनी असे कार्यक्रम थाटले. त्याचे करार २०२४ अखेर करून टाकायचे होते आणि खर्च २०२६ अखेर संपवायचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने सुमारे ८० कोटी डॉलरच्या चालू ग्रँटच रद्द केल्या, त्यात या क्षेत्राच्या बऱ्याच होत्या. म्हणून आज सगळ्यांच्या नजरा राज्यांकडे आहेत.

कॅलिफोर्नियात 'कॅलव्हिप' ही हिंसा प्रतिबंधासाठीची राज्याची ग्रँट २०१७ पासून आहे. शहराला मिळालेल्या रकमेतली किमान निम्मी सामाजिक संस्थांकडे किंवा हिंसा प्रतिबंधालाच वाहिलेल्या सरकारी विभागांकडे वळवावी लागते, ही कायद्यातली अट शहराचे अधिकारी हळू आवाजात सांगतात, तुम्ही मोठ्याने विचारा. १ जुलै २०२४ पासून बंदुका आणि काडतुसांवर राज्याचा ११ टक्के कर लागू झाला, त्यातला पहिला ७.५ कोटी डॉलरचा वाटा या कार्यक्रमाचा. केंद्राचाही बंदुकांवर असाच कर आहे, तो मात्र वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. अशा कराचा पैसा दरवर्षीच्या बजेटच्या भांडणातून सुटतो, हा मोठा फायदा. तोटा असा की विक्री घसरली की पैसाही घसरतो. कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ६.५ टक्क्यांचा असाच कर मंजूर केला, पण तिथे मोठा हिस्सा गुन्ह्यांच्या पीडितांच्या सेवांना जातो.

तिसरी वाट मेडिकेडची, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याची. कनेक्टिकट आणि इलिनॉय यांनी २०२१ मध्ये कायदे करून हिंसा प्रतिबंधाच्या कामाचं बिल आरोग्यविम्यातून देण्याची सोय केली. रुग्णालयात गोळी लागलेल्या तरुणाच्या उशाशी बसून काम करणाऱ्या कार्यक्रमांना हे छान जमतं. नाक्यावरच्या मध्यस्थाला मात्र नोंदी, कोड, बिलं हे प्रकरण जड जातं.

एक कोपऱ्यातली गोष्ट, अकाउंटंटसाठी मुद्दाम. राज्याची ग्रँट बहुधा आधी खर्च करा, मग पावत्या दाखवून परत मिळवा अशी असते. चर्चच्या तळघरातून चालणारी संस्था तीन महिन्यांचे पगार कुठून आणणार? मी छाननीत पाहिलेला सर्वांत चांगला अर्ज याच कारणाने गळपटला. शहराने उचल द्यायची तयारी आहे का, हे शिफारशीतच लिहून घ्यावं.

तिने काय ठरवलं

तिच्या शहरात वर्षाला वीसेक खून होतात, पोलीसप्रमुख नवे आहेत आणि निवडणूक पुढच्या वर्षी आहे. मी म्हटलं, अशा वेळी पोलिसांच्या बैठकीवर उभं असलेलं मॉडेल धोक्याचं. प्रमुख बदलला की संपलं. मॅसॅच्युसेट्सच्या धर्तीवर यादीसाठी पोलिसांची मदत, काम संस्थेचं, आणि सोबत थोडे पैसे पडीक प्लॉटांना. तिला ते बऱ्यापैकी पटलं, पण दोघींपैकी कुठल्याच संस्थेला तिने लगेच होकार दिला नाही. निरोप धाडलाय: पगारांचा तक्ता पुन्हा पाठवा, ग्रँट संपल्यानंतरच्या चौथ्या वर्षासकट.