जुन्या बोटीच्या रडरला असेटालचे बुश: एका हंगामाच्या वापरानंतर

शिडाची बोट २४ फुटी, फायबरग्लासची, १९८० च्या दशकातली. मांडणी जे/२४ या शर्यतीच्या बोटीसारखी, म्हणजे रडर (सुकाणू) बोटीच्या बुडाखाली नसून मागच्या ट्रान्समवर (बोटीच्या सपाट पाठीवर) टांगलेला. ट्रान्समवर दोन गजन (कड्या) आणि रडरवर दोन पिंटल (त्या कड्यांत उतरणारे खिळे). कडीच्या आत बसणारे नायलॉनचे जुने बुश (अस्तराच्या नळ्या) काढून असेटाल या टणक प्लास्टिकचे बसवले, दोन्ही पिंटल ३१६ स्टेनलेसचे नवे घेतले आणि रडरमधली बोल्टची भोकं इपॉक्सीने नव्याने बांधली. ऑक्टोबर ते मे बोट मुंबई बंदरात मूरिंगवर (पाण्यातच बोयाला बांधलेली) होती. बुश उत्तम निघाले, पिंटल चांगले. पण तिन्हींत मोलाचं काम भोकांचं, आणि नेमकं तेच बहुतेक जण टाळतात.

आधी प्ले (सांध्यातला ढिलेपणा) कुठून येतोय ते शोधा. बोट वर काढलेली असताना एकाने टिलर (रडर फिरवायचा दांडा) घट्ट धरावा आणि दुसऱ्याने रडरचं खालचं टोक डावी-उजवीकडे हलवावं. त्याच वेळी बोटाचं टोक पिंटल आणि गजनच्या सांध्यावर ठेवायचं, मग बोल्टच्या डोक्यावर, मग टिलरच्या पट्ट्यांवर. हालचाल बोटाला लगेच कळते. दोन गजनमधलं अंतर ४०० मिमी आणि खालच्या गजनपासून टोकापर्यंत ८०० मिमी असेल, तर प्रत्येक सांध्यातला १ मिमी प्ले टोकाशी ५ मिमी होतो. टिलर हातात थरथरतो तो यामुळेच. खिळा व्हर्नियरने वर, मध्ये आणि खाली मोजावा. १२ मिमीच्या खिळ्यावर ०.३ मिमीपेक्षा जास्त झीज असेल तर नुसता बुश बदलून भागत नाही.

नायलॉन पाणी पितं, हा त्याचा मोठा दोष. नायलॉन ६ पूर्ण भिजलं की वजनाच्या ८-९ टक्के पाणी धरतं आणि फुगतं. लेथवर छान बसलेला बुश पंधरा दिवसांत खिळ्याला आवळतो. मग कुणीतरी भोक मोठं करतं, आणि बोट बाहेर काढून सुकली की तोच बुश ढिला. असेटाल जेमतेम १ टक्का पाणी घेतं, त्यामुळे माप टिकतं. रॉड काळाच घ्या, पांढरा उन्हात लवकर खडूसारखा होतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या भागात तो मिळतो. दुकानदार त्याला डेल्रिन म्हणतात.

मापं अशी ठेवली: गजनचं भोक १६ मिमी, बुश बाहेरून १६.१, लांबी ३० आणि वर २ मिमी जाडीची कॉलर. बुश आत दाबला की त्याचं आतलं भोकही जवळजवळ तेवढंच आक्रसतं. म्हणून ते आधी ११.८ ठेवायचं आणि दाबून झाल्यावर रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) १२.१५ करायचं. लेथवाल्याला हे आधीच सांगा, नाहीतर तो बरोबर १२ करून देतो आणि खिळा आत जातच नाही. दाबण्याआधी बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला तर सहज बसतो.

धातू घेताना सावध राहा. ३०४ आणि ३१६ यांतला फरक चुंबकाने कळत नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्याची थेंब टाकून करायची चाचणी स्टीलच्या बाजारात होते. ती समोर करून घ्या. गजन गनमेटलचे (मुख्यतः तांबं आणि कथिलाच्या मिश्रधातूचे) असतील आणि शाबूत असतील तर मुळीच बदलू नका. मात्र गनमेटल म्हणून पितळ गळ्यात मारलं जातं. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबं राहतं. कानशीने थोडं घासून बघा, आत गुलाबी रंग दिसला तर तो तुकडा टाकून द्या.

आता भोकं. जुन्या रडरमध्ये वरून फायबरग्लासची कातडी आणि आत फोम असतो. बोल्टच्या कडेने पाणी आत शिरतं, फोम कुजतो, आणि बोल्ट आवळला की कातडी आत दबते. आवळून प्ले जातो, दोन आठवड्यांत परत येतो, याचं कारण हेच. शिवाय अडकलेल्या पाण्यात ऑक्सिजन नसतो, आणि स्टेनलेस तिथेच गंजतं. बाहेरून चकचकीत दिसणारा बोल्ट मध्यभागी निम्मा झालेला सापडतो, म्हणून प्रत्येक बोल्ट काढून पाहिलाच पाहिजे.

रडरवर नाण्याने टकटक करत जा. खणखणीत आवाज बदलून बद्द झाला तिथे फोम सुटलेला आहे. खालच्या टोकाला ५ मिमीचं भोक पाडून रडर उभा टांगला तर तपकिरी पाणी कित्येक दिवस ठिबकत राहतं. ते थांबलं म्हणजे रडर सुकला असं नाही. दर आठवड्याला वजन करा, काटा हलायचा थांबेपर्यंत पुढचं काम करू नका. त्यानंतर ८ मिमीच्या बोल्टसाठी १४ मिमीचं आरपार भोक पाडायचं, कडेचा फोम आकड्याने ४-५ मिमी खरवडायचा, एका बाजूला टेप लावून आधी पातळ इपॉक्सी फिरवायचं आणि मग सिलिका घालून पीनट बटरइतकं घट्ट केलेलं भरायचं. नीट कडक झालं की ८ मिमीचं भोक पाडा. आता बोल्ट फोमला नव्हे, भरीव इपॉक्सीला आवळतो, आणि पाणी शिरलं तरी फोमपर्यंत पोचत नाही. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करावं. पावसाळ्यात रडर सुकत नाही आणि दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आला तर घासण्याआधी पाण्याने धुवा. नुसतं सँडपेपर मारलं तर तो आत चोळला जातो.

ट्रान्समच्या आत, गजनच्या मागे, ६ मिमीची ग्लास इपॉक्सी शीट लावली. मुंबईत लोहार चाळीत ती इलेक्ट्रिकलच्या दुकानांत मागावी. हायलम (फिनॉलिक रेझिनची शीट) चालणार नाही, ते ओलाव्याने फुगतं. सीलंट पॉलिसल्फाइडचं. पॉलियुरेथेनचा कायमचा चिकट प्रकार लावला तर पुढच्या वेळी गजनसोबत ट्रान्समची कातडीही निघेल. भोकाचं तोंड किंचित काउंटरसिंक करा (उतरतं कोरून रुंद करा) म्हणजे सीलंटची गोल रिंग बसते. आवळताना बोल्टचं डोकं धरून फक्त नट फिरवायचा. स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट जाम होतो, त्यामुळे आट्यांना अँटीसीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) हवंच.

बोल्ट आवळण्याआधी दोन्ही बुशांतून १२ मिमीचा सरळ रॉड आरपार घाला. तो बोटांनी गोल फिरला पाहिजे. अडला तर एका गजनखाली पातळ शिम (पट्टी) द्या. रडरचं वजन फक्त खालच्या कॉलरवर यावं, वर २ मिमी फट ठेवा. खालचा पिंटल वरच्यापेक्षा १५ मिमी जास्त लांब ठेवला, त्यामुळे पाण्यात रडर बसवताना आधी एकच खिळा नेम धरून कडीत उतरवायचा असतो. फोमचा रडर तरंगतो, म्हणून वर उचलला जाऊ नये यासाठीची क्लिप विसरू नका.

हंगामाअखेर वरच्या बुशची झीज मोजण्यासारखी नव्हती. खालचा आडव्या दिशेने ०.१५ मिमी लंबगोल झाला. ही झीज शिडावर असताना थोडी आणि मूरिंगवर जास्त होते, कारण मांडवा आणि घारापुरीच्या लाँचच्या लाटांनी रडर दिवसभर आपटत राहतो. टिलर दोन्ही बाजूंनी शॉककॉर्डने (ताणल्या जाणाऱ्या रबरी दोरीने) बांधून ठेवला की आपटणं जवळपास थांबतं. ग्रीस अजिबात नको. बंदरातला गाळ त्यात चिकटतो आणि खिळ्याला पॉलिश पेपरसारखा खातो. गोड्या पाण्याने धुणं आणि महिन्यातून एकदा कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे एवढंच पुरतं. अँटीफाउलिंग (शंख-शेवाळ धरू न देणारा रंग) लावताना खिळे आणि बुश टेपने झाका.

पिंटलवर वेल्डच्या कडेला चहाच्या रंगाचे डाग आले. पिकलिंग पेस्टने (स्टेनलेस साफ करायच्या आम्लाच्या पेस्टने) गेले, खाली खड्डे नव्हते. वेल्डनंतर पिकलिंग करून मागितलं असतं तर तेही टळलं असतं, ऑर्डर देतानाच सांगा. खालचा बुश अजून एक हंगाम सहज चालेल. तरी ३०० मिमी रॉडमधून कॉलर आणि कापणी धरून सात-आठ बुश निघतात, त्यामुळे एकाच वेळी सगळे करून घ्या आणि दोन बोटीवर ठेवा. बाहेरचं माप प्रत्येकावर मार्करने लिहा, कारण जुन्या बोटींत वरच्या आणि खालच्या गजनची भोकं सहसा एकसारखी नसतात.