बायपॉड कोणता घ्यावा: हॅरिस की ॲटलस?

अमेरिकेत येऊन लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या नादी लागलेल्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. रायफल झाली, स्कोप झाला, आता बायपॉड, म्हणजे रायफलच्या पुढच्या भागाखाली लावायचा दोन पायांचा आधार, कोणता? ज्यांना पालथं पडून 600 ते 1000 यार्डांवर कागदी टार्गेट मारायचंय, त्यांच्यापुरतं हे उत्तर आहे. (कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, तिथे बायपॉड चालतच नाही. पालथं पडूनही सगळी भिस्त स्लिंगवर, म्हणजे दंडाला अडकवलेल्या पट्ट्यावर, आणि कोपरांवर. ती साधना वेगळी.)

बाजारात नावं पुष्कळ असली तरी फिरून फिरून गाडी दोघांवर येते. एक, केंटकीतल्या बार्लो गावचा हॅरिस. त्यातही एस-बीआरएम, म्हणजे 6 ते 9 इंच उंचीचा, पायांना खाचा असलेला आणि बाजूला कलणारा. दुसरा, कॅन्ससमधल्या विचिटाचा ॲटलस व्ही8. किमतीत दुपटीहून जास्त फरक आहे आणि तो हातात घेतल्यावर जाणवतो. ॲटलसचे पाय 45 अंशात पुढे किंवा मागे लावता येतात, खडबडीत उतारावर त्याच्याइतका सोयीचा बायपॉड मी तरी वापरलेला नाही. हॅरिसच्या उघड्या स्प्रिंगा आणि फटकन उघडणारे पाय त्याच्यापुढे जुनाट वाटतात, हे मान्य.

पण ॲटलस व्ही8 कलतो तसा डावी-उजवीकडे वळतोही. दोन्ही बाजूंना 15 अंश. दुकानात हा वळण्याचा गुण, म्हणजे पॅन, मोठा वाटतो. माझा निर्णय मात्र याच पॅनमुळे फिरला.

माझ्याकडे काही काळ पॅन होणारा एक बायपॉड होता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तक्रार रचनेबद्दल आहे. आपण खांद्याने रायफल हलकेच पुढे रेटून बायपॉड लोड करतो. रेटिकल, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, दहा गुणांच्या वर्तुळात बसते, श्वास सुटतो, आणि नळीचं तोंड केसभर डावीकडे सरकतं. पुन्हा आणावं तर पुन्हा तेच. कलणं आणि वळणं दोन्ही एकाच रिंगवर असल्याने ती आवळली की रायफल सरळ करता येईना, आणि सैल केली की वळणं सुरू. गोळी सुटल्यावर तर स्कोपमध्ये शेजाऱ्याचं टार्गेट दिसायचं. आपला फटका आपल्याला दिसलाच नाही, तर वाऱ्याची दुरुस्ती कशाच्या जोरावर करायची?

रायफल सरळ करायला कलणं मात्र हवंच. .308 काडतुसाची गोळी वाटेत खाली पडते, म्हणून 1000 यार्डांसाठी नेम साधारण 400 इंच वर धरावा लागतो. रायफल एक अंश जरी कललेली राहिली तरी गोळी सुमारे 7 इंच बाजूला जाते. एफ-क्लासच्या, म्हणजे आधारावर रायफल टेकवून खेळायच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या, टार्गेटवर दहाचं वर्तुळ सगळं मिळून 10 इंच व्यासाचं, म्हणजे एवढ्यानेच दहा गेला. म्हणून बायपॉड कलावा आणि हवा तिथे पक्का थांबावा, एवढीच माझी मागणी असते.

हॅरिस ती भागवतो, फक्त कारखान्यातून येणारा गोल नट बोटांनी पुरेसा आवळला जात नाही. त्याच्या जागी लिव्हर बसवा. थोडासाच खर्च आहे, पण मग डाव्या हाताच्या एका झटक्यात कल पक्का होतो. पॅन नाहीच, त्यामुळे लोड केल्यावर रायफल नाकासमोर राहते आणि रिकॉइलनंतर, म्हणजे गोळी सुटतानाच्या धक्क्यानंतर, निदान माझ्या बाबतीत तरी रेटिकल आपल्याच टार्गेटवर उतरतं.

ॲटलसवाल्यांनीही पुढे सीएएल काढला. त्यात पॅन नाही आणि कल पक्का करायला लिव्हर आहे. पैशांचा प्रश्न नसेल आणि ॲटलसची घडणच आवडत असेल, तर माझ्या मते व्ही8 पेक्षा तोच बरा. हलत्या टार्गेटवर किंवा शिकारीत पॅनचा उपयोग असेलही. तिथे माझं मत बाजूला ठेवा. एफ-टीआरमध्ये, म्हणजे एफ-क्लासच्या बायपॉडवाल्या गटात, उतरायचं असेल तर गणितच बदलतं. तिथे रायफल बायपॉडसकट 8.25 किलोंत बसवायची असते आणि बहुतेक जण स्कीसारख्या पायांचे रुंद, हलके बायपॉड वापरतात.

हॅरिसची एक खोड आधीच सांगून ठेवतो: काँक्रीटवर त्याचे रबरी पाय उसळी घेतात. पायांखाली जाड चटईचा तुकडा टाका, मग लोड करा.