एमटीबी (माउंटन बाइक) हलकी करायची: आधी टायर की आधी चिमटा?

इंदूरच्या रामबागेतून निघून सुपर कॉरिडॉरवर चक्कर मारणाऱ्या बहुतेकांची एमटीबी कधी मातीत उतरतच नाही. तरी पंधरा-सोळा किलोचं धूड ओढायचं! खर्च बेताचा ठेवायचा तर खरे पर्याय दोनच.

पहिला, टायर. गुट्ट्यांचे जाड टायर काढून दीड इंची गुळगुळीत टायर आणि त्याच मापाच्या ट्यूब टाका. जोडीमागे अर्धा किलो सहज उतरतो. आकडा छोटा वाटेल, पण हे फिरतं वजन आहे; सिग्नल सुटल्यावर सायकलचा वेग उचलताना ते जाणवतं. त्याहून मोठा फायदा वजनाचा नाहीच, गुट्ट्यांची घरघर आणि रस्त्यावरचा अडथळा कमी होण्याचा आहे. हवा मात्र टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेतच भरा.

दुसरा, पुढचा शॉकर (चाक धरणारा, स्प्रिंगने दबणारा फोर्क) काढून साधा, न दबणारा स्टीलचा चिमटा. स्वस्त स्प्रिंगवाला शॉकर अडीच किलोच्या आसपास, साधा चिमटा एक-सव्वा किलो. वजनात हा सरळ जिंकतो. पण माप जुळवताना डोकं पिकतं: चिमट्याच्या वरच्या नळीची जाडी आणि लांबी, चाकाचा आकार, डिस्क ब्रेकची जागा. चिमटा फार आखूड निघाला तर सायकल पुढे झुकते, हँडल चंचल होतं. आणि राजवाड्याच्या गल्ल्यांतले खड्डे थेट मनगटात.

माझं मत टायरला. चिमटा नंतर, तोही रोज लांब पल्ला असेल तरच. स्टँड-कॅरिअर तर फुकटात निघतं, मडगार्ड पावसाळ्यापुरतं राहू द्या.