मायक्रॉन बरोबर, माल खोटा

आमच्या कॉलेजच्या रॉकेट क्लबला उद्यमनगरातल्या एका जॉबवर्कवाल्यानं गंडवलं. रक्कम फार मोठी नव्हती, पण पोरांनी वर्गणी काढून जमवलेली होती. ज्या पद्धतीनं गंडवलं ती इतकी सफाईदार होती, की कुणीही सहज अडकेल. म्हणून सगळं उघड लिहितोय.

आमची लाँच रेल, म्हणजे रॉकेट ज्याच्या आधारानं सरळ वर सुटतं तो दांडा, हे खाचेचं एक इंची चौकोनी अ‍ॅल्युमिनियम एक्स्ट्रुजन (साच्यातून दाबून काढलेला लांब तुकडा). रॉकेटच्या अंगावरची दोन बटणं खाचेतून सरकत वर जातात. रेल सोडताना रॉकेटला सेकंदाला साधारण 13 ते 15 मीटर वेग तरी हवा. तो नसेल तर पंखांना हवेचा जोर मिळत नाही आणि रॉकेट वाटेल तिकडं वळतं. खाचेत बटण अडकलं की नेमका हाच वेग जातो. त्यात गनपावडरच्या मोटरची (रॉकेटला ढकलणाऱ्या दारूच्या नळीची) राख पोटॅशियमच्या क्षारांची असते. ती दमट हवेतलं पाणी ओढून घेते आणि उघडं अ‍ॅल्युमिनियम खाते. आपल्याकडच्या जुलैत तर रेल बघता बघता पांढरी, खरखरीत होते. म्हणून हार्ड अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे अ‍ॅसिडमध्ये करंट देऊन अ‍ॅल्युमिनियमवर कडक ऑक्साइडचा थर तयार करायचं ठरलं, काळं, 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

या माणसानं पोरांच्या हातात एक छोटा काळा तुकडा ठेवला. "ब्लेडनं खरवडून बगा की." पोरांनी खरवडलं, चरा उठला नाही. तो तुकडा खराच होता. दर रंगकामाच्या तिपटीहून जास्त, पैसे आगाऊ, बिल कच्चं, आणि त्यावर फक्त 'सरफेस ट्रीटमेंट'. आठवड्याभरात रेल आली, मस्त मॅट काळी, सोबत जाडीचा रिपोर्ट. सरासरी 50 च्या आसपास.

पहिल्याच उड्डाणात बटण मध्येच रेंगाळलं. रॉकेट रेल सोडताना वाकलं आणि शेजारच्या उसाच्या फडात घुसलं. कुणाला लागलं नाही, हे नशीब. रेल आडवी करून बघितली तर मोटरच्या ज्वाळेसमोरचा भाग फुगून त्याचे पापुद्रे निघत होते. खाचेच्या ओठावर काळा थर साचून घट्ट झालेला, आणि खाचेच्या आत, जिथं बटण खरं घासतं, तिथं चकचकीत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. थिनरमध्ये बुडवलेला कापूस फिरवला. कापूस काळाकुट्ट. अ‍ॅनोडायझिंग थिनरला दाद देत नाही, कारण तो वरून लावलेला थर नसतो. धातूचाच पृष्ठभाग ऑक्साइडमध्ये बदललेला असतो. आमच्या रेलीवर होता तो स्प्रेचा काळा रंग.

आता रिपोर्टचं. मला वाटलं, आकडे ठोकून दिले असतील. वर्कशॉपमधल्या गेजनं मोजले तर आकडे बरोबर! इथंच खरी मेख आहे. अ‍ॅल्युमिनियमवरचं हे गेज एडी करंटवर, म्हणजे टोकातल्या कॉइलनं धातूत उठवलेल्या भोवऱ्यासारख्या करंटवर चालतं. ते फक्त धातूपासून टोकापर्यंतचं अंतर सांगतं. मधला थर ऑक्साइडचा आहे, रंगाचा आहे की चिकटपट्टीचा, त्याला घेणं नाही. गेजवर चिकटपट्टी मोजून बघा, बरोबर आकडा येईल.

फोन केला तर मालक शांत. "सर, पन्नास मायक्रॉन सांगितलेलं, पन्नास मायक्रॉन दिलं. मीटर लावा की." बिलावर अ‍ॅनोडायझिंग हा शब्दच नव्हता, त्यामुळं पुढं काय बोलणार? पैसे आले नाहीत. पुढं ओळखीच्या एका कारखानदारानं सांगितलं, की त्या जॉबवर्कवाल्याकडं टँकच नाही. हार्ड अ‍ॅनोडायझिंगला सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा टँक शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवावा लागतो. थंड ठेवायला चिलर हवा, डीसी करंट द्यायला मोठा रेक्टिफायर हवा, आणि सहा फुटी रेल अख्खी बुडेल एवढी टाकी हवी. हे सगळं उद्यमनगरच्या एका गाळ्यात मावेल का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

माल घेताना आधी क्लॅम्पचे ठसे शोधा. कामाला करंट द्यायला कुठंतरी पकडावं लागतं आणि त्या जागी थर बसत नाही. टोकाला तसा उघडा डाग असतोच. एकही डाग नसलेली 'अ‍ॅनोडाइज' रेल दिसली की शंका घ्या. मग थिनर, मग खाचेच्या आत टॉर्च. ऑर्डरवर प्रक्रियेचं नाव, जाडी आणि सीलिंग (थरातली बारीक छिद्रं बंद करणं) लिहून घ्या. साध्या अ‍ॅनोडायझिंगला आयएस 1868 या भारतीय मानकाचा ग्रेड लिहिता येतो. हार्डसाठी 'हार्ड' हा शब्द स्वतंत्र हवाच. अन् खऱ्या कोटिंगवरही ती राख तशीच ठेवू नका. क्षार ऑक्साइडलाही सोडत नाहीत, म्हणून उड्डाण झालं की ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

आमच्या रेलीचा रंग आम्ही रिमूव्हरनं काढला. कॉस्टिक सोडा वापरायचा सल्लाही मिळाला होता. तो वापरला असता तर रंगाबरोबर रेलही विरघळायला लागली असती.

आणि हा माणूस पोरांनाच का धरतो, तेही सांगतो. स्पर्धेआधी प्रत्येक टीमला घाई असते, पक्कं बिल मागायचं कुणाला सुचत नाही, आणि काम घेऊन आलेला सीनियर जूनमध्ये पास होऊन पुण्याला निघून जातो. पुढच्या बॅचला त्याचं नावही माहीत नसतं. परवाच दुसऱ्या कॉलेजच्या गो-कार्ट टीमच्या पोरांकडं तसलाच काळा तुकडा बघितला. रेट विचारला तर तोच, आगाऊसकट.