तन्मणी घ्यायचाय : जुना बसऱ्याचा की नवा कल्चर मोत्यांचा?

सोलापुरातली बरीच लग्नं एप्रिल-मेमधली, पारा चाळिशीपार. त्यामुळे तन्मणी, म्हणजे मोत्यांच्या पदरांचा आणि मधे खोड (पदक) असलेला गळ्यातला दागिना, निवडताना मी रंगाआधी घामाचा विचार करतो.

पहिल्या नजरेत नवा, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवून घेतलेल्या कल्चर मोत्यांचाच भरतो, हे मान्य. दाणे एकसारखे, पांढरेशुभ्र, फोटोत उठून दिसतात. शिवाय हैदराबादचा मोतीबाजार आपल्याला जवळ, पसंतीला वाव भरपूर. जुन्या बसऱ्याचा, म्हणजे इराणच्या आखातातल्या नैसर्गिक मोत्यांचा, रंग सायीसारखा, दाणे थोडे लहानमोठे. भाव मात्र कितीतरी चढा.

मला खटकलं ते भोकापाशी. सौभाग्यवतींचा नवा तन्मणी काही उन्हाळे वापरल्यावर भोकांच्या कडेला खरवडल्यासारखा दिसू लागला. त्या जातीच्या मोत्यात आत शिंपल्याचा गोल मणी असतो आणि वर चमकदार थर चढलेला. थर पातळ असला की घामाने आणि दोऱ्याच्या घासण्याने तो कडेला सुटतो, आतला मणी डोकावतो. त्यावर इलाज नाही. लांबून कुणाला दिसत नसेल, मला दर वेळी दिसायचं. आईच्या बसऱ्याच्या तन्मणीचा रेशमी दोरा मळला, तुटला. पटवेकऱ्याकडून (दागिने ओवणाऱ्याकडून) गाठवून आणला की पुन्हा गळ्यात. तो मोती आतपर्यंत थरांचाच, झिजला तरी आतून वेगळं काही निघत नाही. गोड्या पाण्यातल्या बहुतेक कल्चर मोत्यांतही असा मणी नसतो, तेव्हा नवाच घ्यायचा तर ते पाहावेत.

जुन्यात खरी अडचण खात्रीची. दाताला घासून काचेचा मणी ओळखता येतो, कल्चर मोती नाही. हॉलमार्क सोन्याची खात्री देतो, मोत्यांची नाही. आणि ‘आजीच्या लग्नातला आहे’ एवढ्यावर विसंबू नये, कारण जपानी कल्चर मोती १९२० च्या दशकापासूनच बाजारात आहेत. रक्कम मोठी असेल तर मुंबईच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत एक्स-रे काढून घ्यावा.

सूनबाईंसाठी आम्ही जुनाच घेतला, पदर कमी असलेला. खोडातली माणकं जरा ओबडधोबड आहेत, पण कोंदणात बसलेली बघत राहावीशी वाटतात. रोज घालायचा असेल किंवा हात आखडता असेल तर नवा घेण्यात काही वावगं नाही. सणालग्नाला घालून पुढच्या पिढीला द्यायचा असेल, तर माझं मत चारपदरी नव्यापेक्षा दोनपदरी जुन्याला. अत्तर आधी लावावं, तन्मणी नंतर घालावा; काढल्यावर मऊ सुती कापडाने पुसावा. खोड गरम पाण्यात कधीच घालू नये, जुन्या कोंदणात आत लाख असते.