उलटं घड्याळ: हाताने हिशेब की टाइमस्पॅन?

रावेरच्या बागेतले केळीचे घड ९० सेकंदांत ट्रकमध्ये भरायचे, असला गेम युनिटीत, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या पोरांसाठी हे लिहितोय. वेळ कमी करणं सोपं आहे, दर फ्रेमला डेल्टाटाइम, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, वजा करा. अडतं ते उरलेले ८७.४१३ सेकंद पडद्यावर नीट दाखवताना.

पहिला मार्ग हाताचा. ६० ने भागून मिनिटं काढा, बाकी उरेल ते सेकंद, आणि दोन्ही स्ट्रिंग.फॉरमॅटच्या, म्हणजे आकड्यांचा मजकूर बनवणाऱ्या फंक्शनच्या, दोन शून्यांच्या साच्यात घाला. पण सेकंद दशांशासकट देऊ नका. हा साचा छाटत नाही, जवळच्या पूर्णांकाकडे नेतो. मग ५९.६ चे ६० होतात आणि स्क्रीनवर ००:६० झळकतं. आधी पूर्णांक, मग भागाकार.

दुसरा मार्ग टाइमस्पॅनचा, म्हणजे सी-शार्प भाषेतल्या कालावधी ठेवायच्या तयार प्रकाराचा. एका ओळीत काम होतं, पण साच्यातल्या कोलनच्या आधी बॅकस्लॅश द्यायचा राहिला की एरर. मिनिटांचा साचा फक्त तासावरची मिनिटं देतो, म्हणून ७५ मिनिटांचे १५:०० दिसतात. सगळ्यात बेरकी गोष्ट म्हणजे असा साचा उणे चिन्हच गाळतो. वेळ शून्याखाली गेली की ००:०१, ००:०२ करत संपलेलं घड्याळ पुन्हा चढायला लागतं! हाताच्या हिशेबात तीच चूक ००:-०२ अशी लगेच उघडी पडते. शून्यावर अडवणं दोन्हीकडे हवंच.

टाइमस्पॅन दशांश छाटतो, त्यामुळे शेवटचा अख्खा सेकंद ००:०० दिसतो आणि घड मात्र भरले जात असतात. खेळणारा विचारणारच, "भाऊ, टाइम संपला ना?" म्हणून मी युनिटीच्या सीलटूइंट फंक्शनने वरचा पूर्णांक घेतो. शून्य दिसलं की खेळ खलास.

९० सेकंदांच्या गेमला माझं मत हाताच्या हिशेबाला. शर्यतीत सेकंदाचा शंभरावा भाग दाखवायचा असेल, तर मात्र टाइमस्पॅन घ्या, तिथे छाटणंच बरोबर.

मजकूर दर फ्रेमला बनवू नका, सेकंद बदलला तरच बदला. आकडे थरथरत असतील तर टेक्स्टमेशप्रोचा (युनिटीत मजकूर दाखवणारं साधन) एमस्पेस टॅग लावा, तो सगळ्या अंकांना सारखी रुंदी देतो. आणि देवनागरी आकडे हवे असतील तर दोन्ही मार्ग इंग्रजीच देतात: प्रत्येक अंकाच्या युनिकोड क्रमांकात (संगणकातला त्या चिन्हाचा क्रमांक) २३५८ मिळवा, आणि फॉन्ट अ‍ॅसेटमध्ये (गेममधली फॉन्टची फाइल) ० ते ९ आहेत का ते आधी बघा, नाहीतर नुसते चौकोन दिसतील.